पहिला मंजूर

आमच्या मिलच्या आमसभेत एक रीत होती. ती कोणी पाडली माहीत नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा ती होतीच. अध्यक्ष माइकवरून एकेक विषय वाचत. वाचून झालं की सगळी सभा गप्प. मग कोणीतरी एकानं उठून ओरडायचं, "मंजूर!" की धडाधड सगळ्यांचे हात वर. जो आधी ओरडायचा त्याला लोक ‘पहिला मंजूर’ म्हणत. कागदावर असं काही पद नव्हतं. पण लग्नात नवरदेवाच्या मामाला जसा उगीचच मान असतो तसा तो मान होता, आणि आमच्या मिलमध्ये तो माझ्या नवऱ्याचा होता.

आवाजच तसा होता यांचा. फिटर खात्यातली नोकरी, मशिनींच्या खडखडाटात जन्म गेला, हळू बोलायची सवयच मोडली. घरात मीठ मागितलं तर शेजारीण मीठ घेऊन यायची. मी म्हणायची, "अवो, मी इथंच बसून राह्यली ना, सेलूले नाई गेली." तर हसायचे. त्या आवाजाचं आम्हाला कौतुक होतं. आज लाइनीतले लोक म्हणतात, त्याच आवाजानं आपलं पाणी घालवलं. मला त्यांचं तोंड धरता येत नाही.

मिल म्हणजे सेलूकडच्या रस्त्यावरची सहकारी सूतगिरणी. नाव सांगत नाही. बंद पडलेल्या मिलचं नाव घेऊन कोणाचं भलं झालंय? आजूबाजूच्या कापूसवाल्यांनी भाग, म्हणजे शेअर, घेऊन ती उभी केली होती. माझ्या सासऱ्यांनीही एक भाग घेतला, तो पुढं यांच्या नावावर आला. त्यामुळं हे मिलमध्ये वर्षभर नोकर आणि आमसभेच्या दिवशी मालक. मीही तिथंच कामाला होते, वाइंडिंग खात्यात. कांडीवरचं सूत पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, पुन्हा गुंडाळायचं. पण भाग माझ्या नावावर नव्हता. म्हणून आमसभेच्या दिवशी आम्हा बायकांची जागा गोदामाच्या मागं, पुऱ्यांच्या कढईपाशी.

राहायला मिलच्याच खोल्या होत्या, कौलारू, एका ओळीत. सगळे त्याला लाइन म्हणतात. लाइनीत बोअर होती, पण तिचं पाणी खारं. त्यात तुरीची डाळ टाकली तर दुपार जाईल, डाळ शिजणार नाही. भांड्यांवर पांढरा थर चढायचा, पोरांची पोटं दुखायची. पिण्याचं, रांधण्याचं पाणी यायचं ते विहिरीचं. विहीर मिलच्याही आधीची, कोण्या काळची शेताची. मिल आली तेव्हा कोण्या शहाण्यानं साहेबाचा बंगला विहिरीजवळच बांधला, बागेला पाणी मिळावं म्हणून, आणि बंगल्याचं कुंपण विहिरीला आत घेऊन गेलं. पण कुंपणाखालून एक पाइप लाइनीत येत होता. सकाळ-संध्याकाळ नळ सुटायचा. ते पाणी इतकं गोड होतं की सेलूहून आलेला पाहुणा चहाआधी पाणी मागायचा.

आणि विहीर पुजायची असली की बंगल्याचं फाटक उघडं असायचं. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पहिलं पाऊल टाकते ते विहिरीकडं. हळद-कुंकू वाहायचं, घुगऱ्या ठेवायच्या, पाणी शेंदून कळशी भरायची आणि भरली कळशी घेऊनच घरात शिरायचं. रिकामी आणली तर आईचं दूध आटते म्हणतात. माझ्या मुलाच्या वेळी मीही पुजली होती. मोठ्या साहेबांच्या बाईंनी स्वतः माझ्या कळशीला हळदीची बोटं लावली होती.

मोठे साहेब म्हणजे मिलचे कार्यकारी संचालक. अध्यक्ष निवडून येत, पडत; मिल खरी चालवायचे ते हे साहेब. माणूस वाईट होता असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि रागाच्या भरातही मला खोटं बोलायचं नाही. लाइनीतल्या प्रत्येक लग्नाला यायचे, पंगतीत मांडी घालून बसायचे, "काऊन बाई, वांग्यात तिखट टाकाले विसरली का?" अशी आमच्याच बोलीत थट्टा करायचे. कोणी गेलं तर खांदा द्यायला हजर. आमच्या ह्यांना तर ‘माझा लाउडस्पीकर’ म्हणायचे. बोर गोड असलं की आपण आत अळी पाहत नाही, तसंच खातो. आम्हीही तसंच खाल्लं.

त्या वर्षी मिलचं बरं चाललेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसत होतं. एक पाळी बंद झाली होती. कापसाच्या गाड्या कमी येत होत्या. वाइंडिंगमध्ये आम्ही बायका अर्धा दिवस हातावर हात ठेवून बसायचो. साहेब खात्यात आले की म्हणायचे, "घाबरता काऊन? मी हाव ना." आणि एक दिवस कळलं, साहेबच चालले. तब्येत बरी नाही, मुलगा नागपूरला बोलावतो, असं काहीबाही. लाइनीत बायका रडल्या. मीही रडले. तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, ते आता लपवून काय करू?

आमसभेत साहेबांच्या निरोपाचा विषय शेवटी ठेवला होता. शेवटचा विषय म्हणजे पुऱ्यांचा वास गोदामात शिरलेला, लोकांच्या पोटात कावळे ओरडणारे. मी कढईपाशी होते, पण माइकचा आवाज तिथवर येत होता. अध्यक्षांनी वाचलं. साहेबांच्या सेवेची कृतज्ञता म्हणून मिलची गाडी त्यांना कायमची. पुढची काही वर्षं सल्लागार म्हणून मानधन, मिलमध्ये आले न आले तरी. साहेबांच्या आणि बाईंच्या दवाखान्याचा खर्च, दोघं जिवंत आहेत तोवर. आणि राहता बंगला, लगतच्या जागेसह.

सभा गप्प झाली. ह्या वेळचं गप्प बसणं जरा लांबलं. मागं बसलेला समुद्रपूरकडचा एक म्हातारा कास्तकार बसल्या जागेवरून म्हणाला, "मिल बिमार पडून राह्यली अन् आहेर असा?" कोणीतरी फिसकन हसलं. साहेब मंचावर मान खाली घालून बसले होते. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्या नवऱ्याकडं पाहिलं.

आणि हे उठले. नुसतं मंजूर म्हणून खाली बसले असते तरी चाललं असतं. पण नाही, यांना त्या दिवशी भाषण सुचलं. "आमच्या घरून पाव्हणा रिकाम्या हातानं जात नाई! साहेबायनं आमाले लेकरावानी सांभाळलं. मंजूर!" असा आवाज लावला की पत्र्याखालची कबुतरं उडाली. गोदामभर हात वर झाले. त्या म्हाताऱ्याचाही झाला, जरा उशिरा. फोटोवाल्यानं फोटो काढला. साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि मंचावरून खाली येऊन यांना मिठी मारली. यांच्या सदऱ्याला साहेबांच्या अत्तराचा वास लागला होता, तर यांनी मला तो कितीतरी दिवस धुऊ दिला नाही.

विहीर कोणाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही. लगतची जागा म्हणजे आम्हाला वाटलं बाग, पेरूची झाडं. विहीर ही कोणी कोणाला आहेरात द्यायची वस्तू असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आता शिकले-सवरलेले लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही नीट विचारायचं तरी होतं. अरे बाप्पा, पाहुण्याच्या पानात वाढताना कोणी विचारत बसते का, की तू हे ताटच घेऊन जाशील म्हणून?

साहेब गेले आणि वर्ष फिरायच्या आत मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. साहेबांना आधीच माहीत होतं हे आता शेंबडं पोरही सांगेल. त्यांच्या दवाखान्याची रक्कम म्हणे आधीच बाजूला काढून ठेवली होती, मिल बुडाली तरी ती बुडणार नव्हती. मिलचा दवाखाना मात्र कुलपाच्या दिवशीच बंद झाला. नर्सबाई आपली खुर्ची डोक्यावर घेऊन गेली, ती तिची स्वतःची होती म्हणून. आमच्या निरोपाचा विषय कोणी वाचला नाही. आमच्यासाठी कोणी उठून मंजूर म्हटलं नाही. फाटकावर एक कागद चिकटवला, तो पहिल्याच वाऱ्यात फाटला.

तरी लाइन राहिली. खोल्या रिकाम्या करा असं कोणी सांगायला आलं नाही, म्हणून लोक राहिले. कोणी बुटीबोरीच्या कारखान्यात कंत्राटावर लागलं, माझा मुलगाही तिथंच लागला. कोणी वावरात जाऊ लागलं. आणि नळ येत होता. बंगल्याला कुलूप होतं, पण पाइप चालू होता. मी यांना म्हणायची, "नोकरी गेली तं गेली, पाणी तं हाय ना. पाण्यावर मानूस उभा राह्यते." तेव्हा हे अजून मोठ्यानं बोलायचे.

मग पलीकडून मोठा रस्ता गेला आणि जमिनींचे भाव चढले. मुरमाड वावरांत रंगीत झेंडे लागले, प्लॉट पाडले गेले. एका सकाळी नळ सोडला तर नुसता फस्स आवाज आला. आम्ही बायका घागरी घेऊन बंगल्याकडं गेलो. कुंपणाला उंच पत्रा, फाटकाला नवीन कुलूप, आणि आत एक पोरगेला माणूस मोबाईलवर बोलत उभा. त्यानं आतूनच सांगितलं, ही खासगी जागा आहे, पाइप तोडला आहे, आता इकडं यायचं नाही.

मी पुढं झाले. म्हटलं, "विहीर का तुह्या बापानं खंदली?"

तो चिडला नाही. म्हणाला, "बाई, माझ्या बापानं नाई खंदली. पण माझ्या मालकानं घेतली. तुमच्याच साहेबानं विकली त्याले."

मी! जिच्या तोंडाला लाइनीत कोणी लागत नाही, ती मी रिकामी घागर घेऊन परत फिरले.

त्यानंतर टँकर. येईल तेव्हा येईल, आला की झुंबड. माणसांची जनावरं झाली. जिच्यासोबत वर्षानुवर्षं एका मशीनवर काम केलं, त्या बाईनं माझ्या डब्यातला पाइप ओढला आणि मी तिच्या झिंज्या धरल्या. आणि टँकर आला नाही की लाइनीत कुठून तरी आवाज यायचा, "मंजूर!" आधी पोरं ओरडायची, मग मोठेही ओरडायला लागले. हे रस्त्यानं चालले की मागून, "मंजूर!" संडासाच्या रांगेत, "मंजूर!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हात सगळ्यांनीच वर केले होते, पण आवाज एकाचाच आठवतो. हे कोणाला उलटून बोलले नाहीत. फक्त यांचा आवाज बसत गेला. पुढं पुढं तर मीठही मागेनात. उठायचे, बरणी काढायचे, घ्यायचे, परत बसायचे. मला ते बघवत नव्हतं.

एक दिवस म्हणाले, "साहेबाले भेटून येतो. बंगला राहू दे त्याचा. फक्त पाइप मांगतो." मी म्हटलं, "एकटे नका जाऊ. मीबी येतो."

नागपूरला साहेबांचं घर वरच्या मजल्यावर होतं, लिफ्टनं जायचं. दार साहेबांनीच उघडलं. आम्हाला पाहून खरंच आनंद झाला त्यांना. "अरे, माझा लाउडस्पीकर!" म्हणत यांच्या खांद्यावर हात टाकून आत नेलं, सोफ्यावर बसवलं. बाईंनी पाणी आणून दिलं, काचेच्या गिलासात, थंड. मला तहान लागली होती तरी मी तो गिलास नुसता हातात धरून बसले.

समोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावला होता, काचेच्या चौकटीत. गोदामातली आमसभा. हातच हात. आणि पुढच्या रांगेत आमचे हे, तोंड उघडं, हात सगळ्यांच्या वर.

"रोज पाहतो तुम्हाला," साहेब म्हणाले. "माणसानं आयुष्यात काय कमावलं, तर हे."

हे फोटोकडं बघत राहिले. मग गिलास खाली ठेवून म्हणाले, "साहेब, बंगला तुमचाच. त्याच्यावर आमचं काईच म्हणनं नाई. फक्त त्या मालकाले सांगा, पाइप जोडून दे. लाइनीत लहान लेकरं हायेत."

साहेबांनी मान हलवली. चेहरा खरोखर दुःखी केला. "अरे, मी तो केव्हाच विकून टाकला. आता माझ्या हातात काय राहिलं, सांग. त्याच वेळी सभेत तुमच्यातलं कोणी बोललं असतं, की पाइपाचं तेवढं लिहून ठेवा, तर मी स्वतः म्हटलं असतं, ठेवा. पण कोणी बोललंच नाही."

"पाइप तं तुमाले माहीत होता ना, साहेब," मी म्हटलं. "रोज सकाळी तुमच्याच अंगनातून जात होता."

मग बाई म्हणाल्या, "चहा टाकते," आणि उठून गेल्या.

निघताना साहेबांनी यांच्या हातात संत्रा बर्फीचा डबा ठेवला. आम्ही नको नको म्हणत होतो. "असं कसं?" ते म्हणाले. "तुमच्याकडचीच रीत आहे ना? पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही." हसून म्हणाले, प्रेमानं म्हणाले. त्या माणसाला आपण काय बोललो हे तेव्हाही कळलं नसेल आणि आजही कळत नसेल. मला वाटलं, डबा तिथंच आपटावा. पण यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून नमस्कार केला. सेलूला बसमधून उतरताना डबा सीटवरच राहिला. मी मागून ओरडले, "अवो, डबा!" यांनी वळूनही पाहिलं नाही.

महिनाभरानं हे निळा गणवेश घालून घरी आले. गळ्यात शिट्टी. प्लॉटवाल्याकडं, बंगल्याच्या फाटकावर, चौकीदार.

माझा पारा चढला. म्हटलं, "लाज नाई वाटत? लाइनीतल्या बायांले तुमी हाकलून देसान? मले हाकलून देसान?"

"फाटकाच्या अंदर राहीन तं एक कॅन तं आनता येईल," हे म्हणाले. "बाहेर राहून काय करू?"

आणि आणली. पहिल्याच संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला कॅन बांधून आणली. झाकण उघडलं तर तोच वास, तेच पाणी. मी तूरडाळ टाकली, ती अर्ध्या घंट्यात मऊ लागली. मी चुलीपुढं बसून रडले. पुढं हे दोन कॅनी आणायला लागले. एक घरी, दुसरी ज्याच्या घरी तान्हं लेकरू असेल किंवा म्हातारं माणूस अंथरुणाला असेल त्याच्याकडं. कोणाशी बोलायचे नाहीत, उंबऱ्यावरच्या भांड्यात ओतून निघून यायचे. हळूहळू रस्त्यात मागून येणारी ती ‘मंजूर’ची हाक बंद झाली. लाइनीतल्या म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, त्यानंच घालवलं, तोच आनून राह्यला. मला वाटलं, चला, माणसाला जरा तरी मान वर करता येईल.

दिवाळीच्या सुमारास मला पाण्याची चव वेगळी लागली. वाईट नव्हती, पण विहिरीची नव्हती. जसं काही चवच काढून घेतलेलं पाणी. मी यांना म्हटलं तर म्हणाले, "पावसाळा सरला की पानी बदलते." आता मी जन्म त्या पाण्यावर काढलेली बाई, मला कधी बदललेलं आठवत नव्हतं. पण डाळ शिजत होती, मी विषय सोडला. घरीही उशिरा यायला लागले होते. विचारलं तर, मालक थांबवते.

त्याच हिवाळ्यात सून बाळंत झाली. ती गिरडची. आई लहानपणीच गेलेली, म्हणून माहेरी न पाठवता मी माझ्याकडंच बाळंतपण केलं. मुलगी झाली, यांच्यावर गेलेली, रडायला लागली की अख्खी लाइन जागी. सव्वा महिना भरत आला तसं मी जेवताना यांना म्हटलं, "पोरीले विहीर पुजाले न्यायचं हाय. फाटक उघडजा."

हे म्हणाले, "पाहू."

"पाहू काय?"

"मालक कवाबी येते. घरीच बादली मांडून पुजा ना. शहरातल्या बाया तसंच करतात आता."

"शहरातल्या बायांच्या घरी विहीर नाई. आपल्याजोळ हाय अन् चौकीदार घरचा हाय, तरी बादली पुजू?"

मला राग आवरेना. आजवर लाइननं यांना काय काय म्हटलं, मी तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. त्या दिवशी काढला. "जनमभर दुसऱ्याले मंजूर म्हनत आले. एक दिवस आपल्या नातीसाठी म्हना!"

यांच्या हातातला घास ताटात गेला. मग म्हणाले, "येजा सकाळी."

सकाळी सुनेला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, पदराखाली बाळ दिलं. मी ताटात हळद-कुंकू, घुगऱ्या, गूळ घेतला. माझ्या वेळची पितळी कळशी चिंचेनं घासून सुनेच्या कमरेवर दिली. लाइनीतल्या दोघी-तिघी येतो म्हणाल्या, पण मीच नको म्हटलं. यांची नोकरी जायला नको. फाटकावर हे उभे होते, निळ्या गणवेशात. आमच्याकडं न बघता कुलूप काढलं.

आत गेलो तर बंगला नव्हता. पेरूची झाडं नव्हती. मुरमाचे रस्ते केलेले, चुन्याच्या रेघा मारलेल्या, जागोजागी झेंडे. पत्र्याआडून मशिनींचा आवाज यायचा तो ह्याचाच. मला वाटलं बंगला पाडला असेल, पाडू दे, आपल्याला बंगल्याशी काय करायचं. विहिरीची जागा मला डोळे बांधून सापडली असती. मी सरळ चालत गेले, आणि जिथं थांबले तिथं पायाखाली मुरूम होता. सपाट. रोलर फिरवलेला. बाजूला प्लॉटच्या नंबराचा सिमेंटचा दगड रोवला होता.

सुनेला वाटलं मी रस्ता चुकले. इकडंतिकडं पाहून म्हणाली, "आत्याबाई, विहीर कुठं हाय?"

मी मागं वळले. हे फाटकापासून आमच्या मागोमाग आले होते.

"कवा बुजवली?"

"दसरा झाला अन् लगेच. बंगला पाडला, त्याचंच मटेरियल अंदर टाकलं."

"तुमी होते?"

"माहीच ड्युटी होती."

मला दसऱ्यापासूनचे दिवस डोळ्यांपुढून गेले. रोजची संध्याकाळ, रोजची सायकल, दोन कॅनी. म्हाताऱ्यांचे आशीर्वाद. "मंग कॅनीत काय आनता?"

हे खाली बघून म्हणाले, "सेलूवरून. फिल्टरवाल्याजोळून."

चौकीदाराच्या पगारातून. रोज सेलूपर्यंत सायकल मारून. आणि घरी येऊन सांगायचं, विहिरीचं आहे. मला एवढा राग आला की हातातलं ताट भिरकावून द्यावंसं वाटलं, आणि त्या रागातच मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. दोन्ही झालं नाही. पदराखाली बाळ कुरकुरायला लागलं होतं, ऊन वर येत होतं. मी सुनेला म्हटलं, "बस पोरी. इथंच पूज. खाली अजून असन पानी." तिनं मुरमावर हळद-कुंकू वाहिलं, घुगऱ्यांची मूठ ठेवली, दगडाला नाही, जमिनीलाच नमस्कार केला. आई नसलेली पोर, पुढं काय करायचं म्हणून माझ्याकडं बघत राहिली. कळशी तिच्याजवळ रिकामीच होती.

हे त्यांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गेले आणि कॅन घेऊन आले. झाकण काढलं, गुडघ्यावर बसले आणि कळशीत पाणी ओतायला लागले. निम्मं बाहेर सांडलं, मुरमानं ते लगेच पिऊन टाकलं. काठापर्यंत भरेतो ओतत राहिले.

"रिकामी नको नेऊ, बेटा," म्हणाले. इतक्या हळू, की शेजारी उभी असून मला वाकून ऐकावं लागलं.